ब्रुकलिनचा शनिवार की पासाडेनाचा?

हातात एकच रात्र आहे आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये घडणारा 'सॅटरडे नाइट फीवर' (1977) लावू की 'अर्बन काउबॉय' (1980), यावर अडलं असेल, तर माझा अनुभव सांगतो. दोन्हींत जॉन ट्रव्होल्टा, दोन्हींत दिवसभर राबून रात्री नाचायला जाणारी पोरं, आणि दोन्ही मासिकातल्या लेखांवरून निघालेले. पहिला लेख लिहिणाऱ्या निक कोनने पुढे कबूल केलं की ती गोष्ट त्याने रचली होती. दुसरा 1978 साली 'एस्क्वायर'मध्ये आला, आणि लेख ज्या जागेचा होता त्याच जागी जाऊन दिग्दर्शक जेम्स ब्रिजेसने चित्रपट केला. ती जागा म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टनला लागून असलेल्या पासाडेनातलं गिलीज, दारू आणि नाचाचा क्लब. गायक मिकी गिली त्याच्या दोन मालकांपैकी एक.

मी नऊ वर्षं ह्यूस्टनला आहे, कामही शिप चॅनलच्या, म्हणजे जहाजांच्या कालव्याच्या, बाजूच्या एका कारखान्यात. त्यामुळे माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

गाणी आणि नाच पाहायचे असतील तर 'फीवर'च लावा, त्यात वाद नाही. बी जीज या बँडच्या गाण्यावर रंगाचा डबा हातात घेऊन रस्त्याने चाललेला टोनी (ट्रव्होल्टा) आजही अंगावर काटा आणतो. घरचं वातावरणही अस्सल आहे. बापाची नोकरी गेलेली, जेवणाच्या टेबलावर बाप डोक्यात मारतो आणि टोनी चिडतो तो केस विस्कटले म्हणून! इतक्या कष्टाने बसवलेले केस. वीस वर्षांच्या पोराजवळ स्वतःचं म्हणावं असं दुसरं काय असतं?

'अर्बन काउबॉय' सुरुवातीला संथ वाटेल. बड (इथला ट्रव्होल्टा) गावाकडून काकांकडे येतो, दाढी काढतो, रिफायनरीत लागतो, गिलीजमध्ये सिसी भेटते, भांडण, लग्न, ट्रेलरमधला, म्हणजे चाकांवरच्या छोट्या घरातला, संसार. सिसी म्हणजे डेब्रा विंगर, आणि माझ्या मते चित्रपट तिचाच आहे. कंट्री संगीताची सवय नसेल तर पहिला अर्धा तास जरा धीर धरा. 'लुकिन फॉर लव्ह' मला तरी दुसऱ्यांदा ऐकल्यावरच आवडलं. पण शिफ्ट सुटल्यावर हेल्मेट काढून हॅट चढवणारी माणसं मी रोज बघतो, आणि ती इथे जशीच्या तशी आहेत. गिलीजमधला तो यंत्राचा बैल मुळात रोडिओवाल्यांच्या, म्हणजे उधळत्या बैलावर बसण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या, सरावासाठीचा. ज्यांनी गुरं राखली नाहीत अशी पोरं दिवसभर यंत्राशी झटून रात्री पुन्हा यंत्रावरच बसून मर्दुमकी दाखवतात. हे चित्रपट बोलून दाखवत नाही, पण एकदा डोक्यात आलं की जात नाही.

आता माझा निर्णय कशावरून झाला ते सांगतो. 'फीवर'मध्ये ॲनेट आहे, टोनीवर जीव टाकणारी मुलगी. शेवटाकडे गाडीच्या मागच्या सीटवर टोनीचे मित्र तिच्यावर जबरदस्ती करतात. टोनी गाडीत पुढे बसलेला आहे. नंतर तो दोष तिलाच देतो. पाठोपाठ पुलावरचा अपघात होतो आणि चित्रपट टोनीबरोबर निघून जातो. रात्रभर भुयारी रेल्वे, सकाळी मॅनहॅटन, नाचातली जोडीदार स्टेफनीशी समेट. आम्ही घरी बघत होतो. नावं वर सरकायला लागली आणि बायकोने विचारलं, "अरे, पण ती ॲनेट घरी कशी गेली?" मला उत्तर देता येईना. रिमोट घेऊन मागे गेलो, पुन्हा पुढे आलो. कुठेच काही नाही. त्या रात्री गाण्यांबद्दल आम्ही एक शब्द बोललो नाही, आणि नंतर कधीही 'फीवर' लावायचा म्हटलं की तोच प्रश्न आधी आठवतो. कुणी म्हणेल, ते जग तसंच होतं आणि चित्रपट तेच दाखवतो. असेलही. पण दाखवून झाल्यावर तिच्याकडे एकदा वळून बघायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

'अर्बन काउबॉय' यातून सुटतो असं नाही. बड सिसीवर हात उचलतो, आणि त्याच भांडणात तिला लग्नाचं विचारतो. ते बघताना पोटात तुटतं. पुढे ती तुरुंगातून सुटून आलेल्या वेसकडे जाते, तिथेही मारच खाते. पण इथे कॅमेरा तिला सोडत नाही. बड नाही म्हणाला तरी ती बैलावर बसायला शिकते. आणि मग तो प्रसंग: घर सोडून गेलेली सिसी बड नसताना ट्रेलरमध्ये येते, सगळं आवरते, त्याच्यासाठी चिठ्ठी ठेवून निघून जाते. बडबरोबर आता फिरणारी श्रीमंत घरची पॅम ती चिठ्ठी फाडते आणि आवराआवरीचं श्रेय स्वतः घेते. आवरलेलं घर बडला दिसतं, कुणी आवरलं ते आपल्याला माहीत असतं. दोन खोल्यांच्या संसारात प्रेम कसं दिसतं, हे मला एवढ्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या चित्रपटात भेटलेलं नाही.

शेवट मात्र घाईचा आहे. दरोडा, मारामारी, सगळं दहा मिनिटांत गुंडाळलंय. आणि मुलं घरात असतील तर 'फीवर'ची 1979 साली आलेली सौम्य आवृत्ती शोधा, मूळ नको. 'अर्बन काउबॉय'ही लहानांसमोर नकोच.

गिलीज 1989 मध्ये बंद पडलं आणि 1990 च्या आगीत जळालं. मी स्पेन्सर हायवेवरून जातो तेव्हा तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. ती गर्दी आता या चित्रपटातच सापडते, म्हणून लावलात तर चिठ्ठीचा प्रसंग येईपर्यंत झोपू नका.