निवडणूक आयोगाची तीन ॲप, क्रिकेटवेड्या सीमाभागासाठी

7 मे 2024 ला बेळगाव, चिक्कोडी आणि उत्तर कन्नडमध्ये लोकसभेचं मतदान झालं. पलीकडे कोल्हापुरातही त्याच दिवशी. संध्याकाळी आयपीएलचा दिल्ली-राजस्थान सामना होता. संजू सॅमसन 46 चेंडूंत 86 वर असताना शाय होपने सीमारेषेवर त्याचा झेल घेतला, आणि पाय दोरीला टेकला की नाही यावर लोक फ्रेम थांबवून थांबवून भांडले. ही नजर आपल्याकडे आहेच. उमेदवाराच्या कागदांवरून ती फिरवायची तर त्याची साधनं निवडणूक आयोगाने फुकट दिली आहेत. 2025 मध्ये आयोगाने आपली चाळीसेक ॲप एकत्र आणणारं ‘ईसीआयनेट’ जाहीर केलं. त्यामुळे नावं आणि बटणं बदललेली दिसतील, पण फॉर्म आणि नियम तेच राहतात.

सुरुवात यादीतल्या नावापासून. त्यासाठी ‘व्होटर हेल्पलाइन’. राहुल द्रविड कर्नाटकात निवडणूक आयोगाचा सदिच्छादूत होता, आणि 2019 च्या लोकसभेला त्यालाच मत देता आलं नाही. घर बदललं म्हणून जुन्या पत्त्यावरचं नाव काढायचा फॉर्म 7 गेला, पण नव्या ठिकाणचा फॉर्म 6 मुदतीत गेला नाही. आता हा घोळ टाळता येतो. घर बदललं, मतदारसंघ बदलला, अगदी राज्य बदललं तरी एकच फॉर्म 8 भरायचा. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या यादीत नाव असलेली मुलगी लग्न होऊन खानापूरला आली तर तिनेही फॉर्म 8 च भरावा. नवा फॉर्म 6 भरला तर दोन्हीकडे नाव राहतं आणि ते कायद्यात बसत नाही. फॉर्म 6 फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. त्याला फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पात्रतेच्या, म्हणजे ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात त्या, तारखा आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. निवडणूक जाहीर झाल्यावर उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख बघा, तिच्या किमान दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोचला पाहिजे. बहुतेकांचं इथेच चुकतं, कारण नाव बघायचं सुचतं ते प्रचार रंगात आल्यावर.

शोधताना नाव टाकून शोधू नका. कार्डावरचा क्रमांक टाका, तीन अक्षरं आणि सात आकडे. आपल्याकडे यामागे खास कारण आहे. मराठी माणूस ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत ‘डीएनवाय’ने सुरू करतो. तेच नाव कन्नडवरून इंग्रजीत उतरलं की ‘जेएन’ किंवा ‘जीएन’ने सुरू होतं. प्रज्ञाचंही तसंच. मग शोध रिकामा येतो आणि नाव उडालं म्हणून घबराट होते. नाव असतं, पण वेगळ्या स्पेलिंगखाली. तेही फॉर्म 8 भरून दुरुस्त होतं, आणि करून घ्यावंच. या सोयीला 5 पैकी साडेतीन.

दुसरं ॲप ‘नो युवर कॅंडिडेट’. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे फॉर्म 26, इथे बघायला मिळतं. त्यात पाच वर्षांचं प्राप्तिकर विवरणातलं उत्पन्न, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, शिक्षण, प्रलंबित गुन्हे आणि झालेली शिक्षा हे सगळं असतं. आधी गुन्ह्यांचा रकाना उघडा. तिथे ‘होय’ असेल तर कलमं वाचा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा वेगळा आणि फसवणुकीचा वेगळा. सीमाभागात हा फरक फार महत्त्वाचा, कारण इथे चळवळीतल्या माणसावर गुन्हे असणं नवलाचं नाही. नुसता आकडा बघून कोणाला गुन्हेगार ठरवू नये. त्यानंतर मागच्या निवडणुकीतलं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून मालमत्ता ताडून बघा. फलंदाजाची सरासरी मोसमागणिक आपण बघतोच, तशी.

कागद लांब वाटला तर थेट शेवटचा भाग ‘ब’ उघडा, गोषवारा तिथे असतो. अडचण भाषेची. आपल्या बेळगाव जिल्ह्यात ही पत्रं बहुतेक कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत असतात, तीही स्कॅन केलेली. छापील पान असेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर बऱ्यापैकी येतं. हाताने भरलेलं असेल तर ते गडबडतं, आणि कन्नड आकडे असतील तर रक्कम हमखास चुकते. अशा वेळी कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याला सोबत घेऊन बसावं. गोषवारा मराठीतही मिळायला हवा ही मागणी रास्त आहे. ती कन्नडविरोधी मुळीच नाही. ज्याला मत द्यायचं त्याची माहिती आपल्या भाषेत वाचता यावी, एवढंच.

ॲपमध्ये मतदारसंघ निवडताना खानापूरकर हमखास फसतात. तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नडमध्ये मोडतात. निपाणी चिक्कोडीत. बेळगावची यादी उघडून ‘आपला उमेदवार दिसत नाही’ म्हणत बसण्यात अर्थ नाही. 1996 ला बेळगाव लोकसभेला सीमाप्रश्नासाठी 456 उमेदवार उभे राहिले होते. 1996 ला गुन्हे आणि मालमत्ता सांगणारं प्रतिज्ञापत्रच नव्हतं. ते सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानंतर आलं. मतदाराच्या हातात आलेला हा हक्क इतका ताजा आहे, म्हणून तो न वापरणं जिवाला लागतं.

बंगळुरूच्या संघावर लोकांनी 2008 पासून जीव लावला आणि 3 जून 2025 ला पंजाबला 6 धावांनी हरवून चषक मिळाला. सतरा मोसम हरूनही ज्यांनी लाल जर्सी उतरवली नाही, त्यांचं मोठेपण मान्यच. बेळगावात त्याच गल्लीत मुंबईवाले आणि चेन्नईवालेही गुण्यागोविंदाने राहतात. पण पक्षाला असं सतरा मोसम माफ करायचं नसतं. रस्ता, पाणी, शाळा यांचा हिशोब पाच वर्षांनी मागायचा आणि पटला नाही तर मत फिरवायचं. त्याला गद्दारी म्हणू नये. ‘नो युवर कॅंडिडेट’ला 5 पैकी तीन, भाषेमुळे.

तिसरं ‘सी-व्हिजिल’, आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायचं ॲप, आणि खेळाडू पोरांच्या हातात पहिलं हेच असावं. निवडणूक जवळ आली की गल्लोगल्ली नेत्यांच्या नावाचे चषक सुरू होतात. मंडळांना क्रिकेटचं किट मिळतं, पिशवीवर फोटो, टी-शर्टच्या पाठीवर नाव. आचारसंहिता लागल्यावर मतांसाठी असं किट वाटणं हे लाच देणंच आहे. ॲपमध्ये जागेवरच फोटो काढायचा किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ करायचा. गॅलरीतला जुना फोटो चालत नाही. जागा फोनवरून आपोआप घेतली जाते. टिपल्यावर पाच मिनिटांत पाठवावं लागतं, आणि 100 मिनिटांत तक्रार निकाली काढायचा नियम आहे. किट, त्यावरचं नाव आणि मैदानाची ओळख पटेल अशी खूण एकाच चौकटीत घ्या. नुसत्या बॅटचा फोटो पाठवला तर तक्रार टिकत नाही. नाव लपवून तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते कळत नाही. लहान गावात नाव लपवलेलंच बरं.

उणिवा दोन. आचारसंहिता लागण्याआधी ॲप तक्रार घेत नाही, आणि किटं नेमकी त्याआधीच वाटली जातात. तिथे उपाय मंडळानेच करायचा: वर्गणी काढून चेंडू आणायचे, चषकाला गावाचं नाव द्यायचं. दुसरी उणीव हद्दीची. बाची आपल्याकडे, शिनोळी महाराष्ट्रात, मध्ये अंतर ते किती! फोन उभा असेल तिथला मतदारसंघ पकडला जातो. 2023 ला कर्नाटक विधानसभेची निवडणूक होती, शिनोळीत आचारसंहिताच नव्हती. म्हणून घटना जिथे घडते तिथेच उभं राहून टिपा, हद्द ओलांडून नव्हे. रेंज नसलेल्या भागात पाच मिनिटं भुर्रकन जातात, तेव्हा आधी रेंजची जागा हेरून ठेवा. तरीही 5 पैकी चार.

ॲप अडलं तर मतदारांच्या मदतीचा क्रमांक 1950, त्याला फोन लावायचा. सीमेवर फोनने कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडलेला असतो, म्हणून 1950 च्या आधी बेळगावचा कोड 0831 लावा.