डार्वेनच्या एका घरासाठी घेतलेली वंशावळीची वर्गणी: वर्षभर वापरून आलेला अनुभव

गेल्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला. वंशावळ शोधायच्या संकेतस्थळाची वर्गणी आपोआप पुढच्या वर्षासाठी कापली गेली होती, आणि तीही पहिल्या वर्षाच्या सवलतीत नाही, पूर्ण दराने. फोनवर बराच वेळ वाद घालून पैसे परत मिळवले. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. अशा वर्गणीत काय काय मिळतं, जनगणना, चर्चच्या नोंदी, सैन्याची कागदपत्रं, हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. मी लिहितेय ते इंग्लंडमधल्या एका लहान गावातली मुळं शोधताना यातलं नेमकं काय कामाला आलं आणि कशावर पैसे वाया गेले त्याबद्दल.

गाव डार्वेन. लँकेशायरमध्ये, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेला, दरीत वसलेलं गिरणगाव. माझ्या सासूबाई तिथल्या. लग्नानंतर त्या दक्षिणेकडे आल्या आणि आईवडील गेल्यावर तिकडे जाणंच थांबलं. सासरे वारले त्यानंतर त्या अचानक डार्वेनबद्दल बोलायला लागल्या. आजोबांच्या खिशात कायम एक चपटा लोखंडी आकडा असायचा, मागच्या दारातून इंडिया मिलची चिमणी दिसायची, उन्हाळ्यात गिरण्या बंद झाल्या की सगळं गाव गाडीत बसून ब्लॅकपूलला जायचं. नवऱ्यानेही यातलं बरंचसं पहिल्यांदाच ऐकलं. हे कागदावर यावं म्हणून मी वर्गणी घेतली.

पहिल्या दिवशी सासूबाईंचे आजोबा सापडले. १९०१ ची जनगणना, वय १३, व्यवसाय: टीचर.

सासूबाई म्हणाल्या, शक्यच नाही. ते आयुष्यभर गिरणीत होते. मग मी मूळ पानाचं चित्र उघडलं. १९०१ चे घरोघरचे फॉर्म जपलेले नाहीत, गणकाने वहीत उतरवून घेतलेली नोंद तेवढी उरली आहे. त्यात नंतर मोजणी करणाऱ्या कारकुनांनी व्यवसायाच्या रकान्यात जागोजागी रेघा मारल्यात. अशीच एक रेघ पहिल्या अक्षरावरून गेली होती. खाली स्वच्छ लिहिलं होतं, रीचर-इन, आणि पुढे कॉटन. लिप्यंतर करणाऱ्याने, म्हणजे हस्ताक्षर वाचून संकेतस्थळासाठी टाइप करणाऱ्याने, रेघेसकट अक्षर वाचलं आणि कॉटन गाळून टाकलं.

मी इचलकरंजीची आहे. आमच्याकडे १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून गाव त्याच्यावरच जगतंय. रीचर-इन म्हणजे काय हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. नवं बीम, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळलेला रूळ, मागावर चढवायच्या आधी ताण्याचा एकेक धागा वहीतून (धागे वरखाली करणाऱ्या मागाच्या भागातून) आणि फणीतून ओवावा लागतो. आमच्याकडे त्याला वहिफणी म्हणतात. समोर बसलेला कारागीर आकड्याने धागा ओढून घेतो आणि पलीकडे बसलेलं पोर क्रमाने एकेक धागा त्याच्या आकड्याला लावून देतं. ते पोर म्हणजे रीचर-इन. पुढे तोच मुलगा मोठा होऊन स्वतः आकडा हातात घेतो. सासूबाईंना आठवत होता तो खिशातला आकडा हाच. एका रकान्यातल्या नोंदीने ऐंशी वर्षांपूर्वीच्या आठवणीला आधार दिला, आणि तीच नोंद या कंपनीने चुकीची छापली आहे.

मी दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं की १३ व्या वर्षी शिकाऊ शिक्षक असणं त्या काळात शक्य होतं. ते शक्य होतं की नाही, मला माहीत नाही. पण पानावर तसं लिहिलेलं नाही. मी मोठं केलेलं चित्र पाठवलं, शेजारच्या घरातला दुसरा रीचर-इन दाखवला, जो त्यांच्याच लिप्यंतरात बरोबर आहे. मग 'विचाराधीन'. मग शांतता. काही महिन्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा 'विचाराधीन'.

एवढ्याशा गोष्टीवर इतकं काय, असं घरात सगळे म्हणाले. मला ती एवढीशी वाटत नाही. त्या एका शब्दामुळे संकेतस्थळ मला ब्लॅकबर्नमधल्या त्याच नावाच्या एका शिक्षकाच्या नोंदी सतत सुचवत राहतं. कुणीतरी त्या सूचना स्वीकारल्या, आपल्या वंशवृक्षात जोडल्या, दुसऱ्यांनी तिथून उचलल्या. आज तिथे सासूबाईंच्या आजोबांच्या नावावर एका परक्या माणसाची बायको, मुलं आणि कबर आहे. पैसे घेणाऱ्या कंपनीने चूक दाखवल्यावर ती सुधारायलाच हवी. फ्रीबीएमडी (जन्म, विवाह, मृत्यूंची सूची) आणि लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क्स (चर्चच्या नोंदी) ही संकेतस्थळांची कामं स्वयंसेवक करतात, एक पैसाही घेत नाहीत. पॅरिश क्लर्क्सना एका बाप्तिस्म्याच्या नोंदीतली चूक कळवली तर त्यांनी तपासून बदलली आणि आभार मानले.

१९३९ च्या रजिस्टरबद्दलही लिहायला हवं. युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ रोजी घरोघर जाऊन ही नोंद केली होती. १९३१ ची जनगणना १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, त्यामुळे त्या मधल्या काळासाठी एवढाच आधार आहे. सासूबाईंचं घर मिळालं. वडील, आई, आई विणकर. त्याखाली एक काळी पट्टी: ही नोंद बंद आहे. जन्माला १०० वर्षं व्हायची आहेत आणि मृत्यूची नोंद नाही, अशांच्या ओळी झाकलेल्या असतात. ती ओळ सासूबाईंची. त्या माझ्या शेजारी बसून स्वतःच्याच नावावरची पट्टी बघत होत्या. त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चला, म्हणजे मी अजून आहे."

वर्गणीत सगळ्यात जास्त समाधान दिलं ते १९११ च्या जनगणनेने. घरच्याने स्वतःच्या हाताने भरलेला फॉर्म पहिल्यांदा याच जनगणनेपासून जपलेला आहे. त्यात विवाहित बाईला विचारलंय, किती मुलं जिवंत जन्मली, किती हयात आहेत, किती गेली. सासूबाईंच्या पणजीच्या नावापुढे नऊ, सहा, तीन असे आकडे आहेत. त्या तिघांबद्दल घरात कधी कोणी बोललं नव्हतं. त्यांची नावं कुठल्याच जनगणनेत नाहीत, कारण दोन जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत ती जन्मली आणि गेली.

इथे वर्गणीचा उपयोग संपतो आणि जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या, मोफत सूचीचा सुरू होतो. या कार्यालयाच्या जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ नंतरच्याच जन्मांना दिलेलं आहे. पण कार्यालयाने नव्याने केलेल्या ऑनलाइन सूचीत ते थेट १८३७ पासून आहे. खातं मोफत उघडता येतं. वडिलांचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव, नोंदणी जिल्हा ब्लॅकबर्न हे टाकून वर्षं बदलत, मुलगे आणि मुली वेगळे शोधले की त्या जोडप्याची मुलं समोर येतात. मृत्यूच्या सूचीत वय असतं, त्यावरून जोड्या लावता येतात. तिन्ही मुलं मिळाली, दोन मुली आणि एक मुलगा, तिघंही वर्षाच्या आतली. जुन्या जन्मनोंदींच्या डिजिटल प्रती मी मागवल्या तेव्हा ३ पौंडांना एक होत्या. शिक्क्याचा दाखला तेव्हा याच्या साधारण चौपट महाग पडत होता आणि शोधासाठी त्याची काही गरज नाही. सासूबाईंनी ती तीन नावं आपल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत.

आता नकाशे. यासाठी कुणीही एक पैसा खर्च करू नये. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचे जुने ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे मोफत आहेत, आणि २५ इंची (मैलाला २५ इंच) मालिकेत घराघराची भिंत दिसते. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर पसरवलेला असतो आणि एक पट्टी सरकवली की तो विरत जातो. सासूबाईंची गल्ली आता नाही. जुन्या वस्त्या पाडल्या तेव्हा तीही गेली आणि तिथे आज गवत आणि गाड्या लावायची जागा आहे. पट्टी डावीकडे नेली की गवत, उजवीकडे नेली की घरांची ओळ, मागची अरुंद गल्ली, अंगणापलीकडचे संडास, कोपऱ्यावरचं चॅपल. त्यांनी टॅबलेट माझ्या हातून घेतला आणि बोटाने घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढला. कुठल्या घरात कोण राहायचं, कुणाच्या दारात थांबायचं नाही, रविवारच्या शाळेला कुठून वळायचं, सगळं धडाधड येत गेलं. मी फक्त लिहून घेत होते. नकाशावर घरांचे क्रमांक नसतात, तेवढे १९३९ च्या रजिस्टरमधून घेऊन जुळवावे लागतात. त्यासोबत ब्लॅकबर्न आणि डार्वेनच्या ग्रंथालयांनी चालवलेल्या कॉटन टाउन या संकेतस्थळावर जुनी छायाचित्रं आहेत, तीही मोफत.

त्याच दिवशी मी गांधीजींबद्दल विचारलं. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी आले असताना ते डार्वेनला येऊन राहिले होते. स्वदेशीमुळे इथल्या गिरण्या बंद पडत होत्या, तरी गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात उंचावून हसताहेत असं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ब्लॅकबर्नच्या या पट्ट्यातून भारतासाठी धोतरं जायची. सासूबाईंची आई तेव्हा एकवीस वर्षांची आणि मागावर काम करणारी. सासूबाई म्हणाल्या, आई गर्दीत उभी होती, काम नव्हतं म्हणून वेळ होता, आणि तिला त्या माणसाचे उघडे पाय आठवायचे. ज्या गावाने परदेशी कापडाऐवजी स्वतःचं कापड विणलं त्या गावची मी, आणि त्या बाईच्या घरात सून म्हणून आले. मला यावर पुढे काय बोलावं सुचलं नाही, त्यांनी माझा हात धरला.

इथपर्यंत लिहून झाल्यावर मी म्हणणार होते की वर्गणी घेऊच नका. पण १९२१ ची जनगणना पाहिल्यानंतर माझं मत बदललं. कोळसा खाणींतल्या संघर्षामुळे ती एप्रिलऐवजी १९ जूनला झाली आणि २०२२ साली खुली झाली. तिच्यात आधीच्या कुठल्याच जनगणनेत नसलेली माहिती आहे: मालकाचं नाव आणि कामाचं ठिकाण. सासूबाईंच्या आजोबांपुढे व्यवसाय ड्रॉअर-इन, म्हणजे आकड्याने धागा ओढणारा तो कारागीर, त्यांच्या गिरणीचं नाव, आणि त्याला जोडून 'सध्या काम नाही'. युद्धानंतरची तेजी नुकतीच कोसळली होती, त्या पानावर घरामागून घर हेच लिहिलेलं आहे. गिरणीचं नाव मिळाल्यामुळे नकाशावर त्यांचा रोजचा रस्ताही मिळाला. १९०१ चा रीचर-इन वीस वर्षांनी ड्रॉअर-इन झाल्याचा लेखी पुरावाही हाच, आणि तो मी कंपनीला तिसऱ्या पत्रासोबत जोडला आहे.

म्हणून आता माझं म्हणणं असं. वर्गणी घ्या, पण एका महिन्याची, आणि घेतल्या घेतल्या आपोआप नूतनीकरण बंद करा. त्याआधी मोफत सूची, पॅरिश क्लर्क्स आणि नकाशे यावर सगळी नावं आणि पत्ते जुळवून ठेवा, म्हणजे तो महिना फक्त चित्रं उतरवून घ्यायला वापरता येईल. लिप्यंतर वाचून थांबू नका, मूळ पान उघडा. इंग्लंडमधल्या कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयांत यातली मोठी संकेतस्थळं वाचनालयाच्या संगणकावर फुकट बघता येतात, आधी तिथे चौकशी करा. १९२१ ची जनगणना खुली झाली तेव्हाच मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत ती मोफत बघायची सोय केली होती. डार्वेनला जायचं म्हणजे मँचेस्टर वाटेवरच पडतं.

आम्हीही गेलो होतो. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या देणगीतून १९०८ साली झालेल्या गावच्या वाचनालयातल्या बाईंनी सासूबाईंचा उच्चार ऐकूनच त्या इथल्या आहेत हे ओळखलं. इंडिया मिलची सुमारे ३०० फुटांची चिमणी उभी आहे, विटांची, इटलीतल्या घंटाघराच्या धाटणीची. टेकडीवरच्या १८९८ च्या मनोऱ्यापर्यंत सासूबाईंना चढवणार नव्हतं, त्यांनी नवऱ्याला आणि मला पाठवलं आणि खाली बाकावर बसून राहिल्या. परत आलो तेव्हा त्या शेजारी बसलेल्या एका आजींशी जुन्या शाळेबद्दल बोलत होत्या.

सासूबाईंच्या आईच्या बाजूचं अजून काहीच झालेलं नाही. त्या घराण्याचं आडनाव एन्टविसल, आणि त्या भागात हे नाव इतकं सर्रास आहे की माहेरच्या आडनावाशिवाय एकही नोंद खात्रीने जोडता येत नाही. जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीवर ते काम सुरू केलं आहे. जोड्या लागल्या की हिवाळ्यात एका महिन्याची वर्गणी घेईन, दुसऱ्या कंपनीची.