सदाहरित बोन्साय: नांद्रुक घ्यावा की जुनिपर?

गच्ची किंवा मोकळी बाल्कनी असेल तरच या दोघांची तुलना होऊ शकते. जुनिपर या सूचिपर्णी झाडाला रोज चार-पाच तास थेट ऊन आणि खेळती हवा लागते. दिवाणखान्यात तो जगत नाही, लेबलावर ‘इनडोअर’ लिहिलेलं असलं तरी. घरात ठेवायचा तर नांद्रुक, म्हणजे नर्सरीतला फायकस. तोही खिडकीपासून दोन फुटांच्या आत आणि एसीच्या झोतापासून दूर.

बाहेर मात्र जुनिपर देखणा दिसतो, यात वाद नाही. कोवळ्या वयातही खोड जुनं वाटतं, वाळक्या फांदीची साल सोलून सुंदर ‘जिन’, म्हणजे उघड्या लाकडाची शोभेची फांदी, करता येतं.

तरीही माझं मत नांद्रुकाकडे झुकतं, ते एका गोष्टीमुळे. जुनिपर आपलं दुखणं वेळेवर सांगत नाही. मुळं कुजल्यावरही पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. ती करडी आणि ठिसूळ होईपर्यंत करण्यासारखं काही उरलेलं नसतं. शिवाय पूर्ण उघड्या झालेल्या फांदीवर सहसा नवा कोंब येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, मुळं कुजण्याचा हा धोका मोठा आहे.

नांद्रुक पाणी जास्त झालं, जागा बदलली की लगेच पानं पिवळी करून गाळतो. घाबरू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवं दिसलं तर पाणी कमी करून उजेड वाढवावा. उबदार दिवसांत तीन-चार आठवड्यांत उघड्या फांदीवरही कोंब फुटतात.

त्याच्याही कटकटी आहेत. पावसाळ्यात फांदी इतकी भराभर जाडावते की आकार देण्यासाठी तिच्यावर गुंडाळलेली तार महिन्या-दीड महिन्यात रुतते. ती दर आठवड्याला पाहावी आणि काढताना उलगडू नये, कटरने तुकडे करावेत. पान मधोमध दुमडलं आणि आत बारीक काळे किडे दिसले तर ते थ्रिप्स. घडीच्या आत फवारा पोचत नाही, म्हणून आधी ती पानं खुडून पिशवीत बंद करून टाकावीत, मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि साबणाचे थोडे थेंब घालून आठवड्याने एकदा, संध्याकाळी फवारावं.

माती दोघांनाही निचऱ्याची हवी: ३ ते ५ मिलिमीटरचा विटांचा चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग, चाळलेलं कंपोस्ट एक भाग. जुनिपरला कंपोस्ट निम्मंच. विटांची पूड आधी चाळून टाकावी, नाहीतर तीच तळाशी चिखल करते. कुंडी बदलायची तर नांद्रुकाची जूनच्या सुमारास, जुनिपरची फेब्रुवारीत, आणि जुनिपरची एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं एका वेळी कापू नयेत.

जुनिपरवरच मन बसलं असेल तर घेताना फांद्यांची टोकं पाहा. ती उरलेल्या पानांपेक्षा फिकट, ताजी हिरवी असतील तर झाड वाढतं आहे. सगळं एकसारखं मळकट हिरवं असेल तर ते झाड नर्सरीतच राहू द्यावं.