मॅग्नेशिअमची फीत: पावसाळ्यापासून मार्चपर्यंत वापरल्यानंतर

मी कोथरूडला घरी आठवी ते दहावीच्या मुलांचे विज्ञानाचे वर्ग घेते. जूनमध्ये मॅग्नेशिअमच्या फितीचा २५ ग्रॅमचा रोल आणला. आता मार्च उजाडला तरी त्यातला बराच शिल्लक आहे. दहावीच्या पुस्तकात संयोग अभिक्रियेपाशी ही फीत येते: चिमट्यात धरा, पेटवा, पांढरी भुकटी मिळते. बहुतेक मुलांना हे वाक्य पाठ असतं, पण ज्योत मात्र एकदाही पाहिलेली नसते. ही फीत दाखवावीच असं माझं ठाम मत झालंय. पण ती दाखवण्याआधी घरात काय तयार हवं, हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी खरेदीबद्दल. फीत साधारण तीन मिलिमीटर रुंद आणि अगदी पातळ असते, एका मीटरचं वजन ग्रॅमच्या आसपास. वर्गाला एका वेळी पाच-सहा सेंटिमीटर पुरते. तेव्हा दोघातिघांनी मिळून एक रोल घेतला तरी वर्ष आरामात निघतं. पहिल्यांदा मी ऑनलाइन मागवली होती. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आली, पूर्ण करडी पडलेली, वाकवली की तुकडे पडत होते. ती परत केली आणि सदाशिव पेठेत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून समोर बघून घेतली. दुकानात जाऊन घ्या, आणि एक टोक नखाने खरवडून चांदीसारखी चमक निघते का ते तिथेच पाहा.

पुण्याच्या पावसाळ्यात ही फीत सांभाळणं हेच मोठं काम. हवेतल्या ओलाव्याने तिच्यावर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा करडा थर चढतो. हा थर धातूचं रक्षण करतो हे खरं, पण त्यामुळे फीत पेटायला फार वेळ लागतो, आणि घामाच्या बोटांनी हाताळलेल्या जागी डाग पडून ती लवकर खराब होते, कारण घामाच्या मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. मी रोल घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवला आणि कापताना टिश्यू पेपरने धरला. जुलै-ऑगस्टमध्येही फीत चांगली राहिली. पेटवण्याआधी दोन्ही बाजूंनी बारीक पॉलिश पेपर मात्र मारायचाच. ज्यांची फीत ‘पेटतच नाही’, त्यांचं दहातल्या नऊ वेळा हेच राहिलेलं असतं.

आता ज्योतीबद्दल. स्पिरिटच्या दिव्यावर टोक धरलं की काही सेकंद काहीच होत नाही, मग टोक किंचित लाल होतं आणि एकदम पांढरा प्रकाश फुटतो. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड पिवळा वाटायला लागतो. ज्योतीचं तापमान ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. मॅग्नेशिअम वितळतं ६५० अंशांना आणि उकळतं १,०९० अंशांच्या आसपास, म्हणजे तिथे खरं तर धातूची वाफ जळत असते. तयार होणारं ऑक्साइड इतकं उष्णतासह आहे की त्याच्या विटा भट्ट्यांना आतून लावतात. ते घन कण त्या तापमानाला तापून झळाळतात, म्हणून प्रकाश एवढा प्रखर. १८६५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत फोटो काढले ते याच धातूच्या उजेडात. फ्लॅश बल्ब येण्याआधी फोटोग्राफर मॅग्नेशिअमचीच पूड उडवायचे.

या प्रकाशात अतिनील किरणंही असतात. सरळ ज्योतीकडे पाहिलं तर वेल्डिंगकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यावर होतो तसा त्रास होऊ शकतो, आणि तो लगेच कळत नाही. काही तासांनी डोळे चुरचुरतात, पाणी येतं. माझा नियम असा: मुलं निदान तीन मीटर लांब बसतील, ज्योतीकडे नाही तर समोरच्या भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघतील, आणि ज्याला ज्योतच बघायची आहे त्याने वेल्डिंगची काच घेऊन बघायची. मोबाइलवर रेकॉर्ड करून नंतर सावकाश बघणं हा सगळ्यात चांगला उपाय. त्यात राख कशी वळते तेही नीट दिसतं.

ती राख मला फार आवडते. फीत जळून जाते पण तिचा आकार राहतो, पांढरी, ठिसूळ, वळलेली एक पट्टी चिमट्यात उभी असते आणि हात हलला की कोसळते. मुलांना वाटतं जळलं म्हणजे वजन कमी झालं. हिशेब उलटा आहे: २४ ग्रॅम मॅग्नेशिअमपासून ४० ग्रॅम ऑक्साइड बनतं, वरचे १६ ग्रॅम हवेतून आलेले. झाकणाच्या मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात, जाळून वजन करून पाहिलं तर थोडं कमीच भरतं, कारण पांढरा धूर झाकण उचलताना निसटतो. पण सुरुवातीच्या वजनापेक्षा जास्त भरतं हे काट्यावर दिसतं. दहावीच्या मुलाला हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं मला समीकरण पाठ होण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

राखेत थोडं पाणी घालून ढवळा आणि हळदीचा कागद बुडवा. पिवळा कागद कुंकवासारखा लाल होतो, म्हणजे ते पाणी आम्लारिधर्मी झालंय. लिटमस नसला तरी चालतं, स्वयंपाकघरातली हळद आणि गाळणकागद पुरतो. अजून एक बारीक गोष्ट: मुशीवर झाकण ठेवून, हवा कमी मिळेल असं जाळलं तर राखेत पिवळट-हिरवट छटेचं काहीतरी दिसतं. ते मॅग्नेशिअम नायट्राइड. त्यावर पाण्याचे थेंब टाकून किंचित गरम केलं की अमोनियाचा हलका वास येतो आणि वर धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होतो. हवेतला नायट्रोजन निष्क्रिय असतो असं आपण शिकवतो, पण तापलेल्या मॅग्नेशिअमला तोही चालतो. रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांनी १८९४ मध्ये नेमकं हेच वापरलं. ऑक्सिजन काढलेली हवा तापलेल्या मॅग्नेशिअमवरून पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी नायट्रोजन शोषून टाकला, आणि मागे जे उरलं तो आर्गॉन वायू. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकताना सगळ्यात शांत असतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले तो भाग. ‘ताई, पाणी टाकलं की विझेल ना?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीत येतो, आणि विचारणाऱ्याचा हात बहुतेक वेळा पाण्याच्या बाटलीवर असतो. नाही विझणार. उलट भडकेल. जळतं मॅग्नेशिअम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं, तो हायड्रोजन पेट घेतो. कार्बन डायऑक्साइडनेही विझणार नाही, आणि हे मी दाखवतेच. भांड्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून निघालेला वायू दुसऱ्या कोरड्या, रुंद काचेच्या बरणीत हळूच ओतायचा. बरणीच्या तळाशी आधी कोरड्या वाळूचा थर द्यायचा, नाहीतर काच तडकेल. पेटती मेणबत्ती आत धरली की लगेच विझते. मुलं मान डोलावतात. मग पेटती फीत आत सोडायची. ती तडतड आवाज करत जळतच राहते, आणि संपल्यावर बरणीत पांढऱ्या राखेवर, काचेवर काळे ठिपके दिसतात. राखेवर थोडं व्हिनेगर टाकलं की पांढरं विरघळतं आणि काळे ठिपके उठून दिसतात. हा कार्बन. वायूत लपलेला कोळसा काढून दाखवला म्हणा ना.

असं का, तर ऑक्सिजनशी कोणाचं किती घट्ट जमतं त्यावर सगळं आहे. ऑक्सिजनच्या एक मोल अणूंमागे, म्हणजे १६ ग्रॅम ऑक्सिजनमागे, मॅग्नेशिअम ऑक्साइड बनताना सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. हायड्रोजनपासून पाणी बनताना २८६ आणि कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड बनताना १९७ च्या आसपास. म्हणजे पाणी असो की कार्बन डायऑक्साइड, मॅग्नेशिअम त्यांच्याकडून ऑक्सिजन काढून घेऊन वर ऊर्जा सोडतंच. हे तीन आकडे मी फळ्यावर लिहून ठेवते, पाठ करायला सांगत नाही.

प्रत्यक्ष जगात याचा अर्थ काय, यासाठी एक घटना सांगते. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल मांच्या मोटार शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांकडे उडाली आणि पेटली. ऐंशीहून जास्त माणसं गेली, बहुतेक उडालेल्या भागांच्या माऱ्याने. गाडीची बॉडी मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची होती, आणि विझवायला पाणी मारलं तशी ती आणखी भडकली. हे ऐकल्यावर मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला: मग बाइकची मॅगव्हील पेटतील का? ती बहुतेक अॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूची असतात. आणि मॅग्नेशिअमचा जाड ठोकळा असला तरी तो सहज पेटत नाही, कारण उष्णता धातूभर पसरून जाते. पातळ फीत पेटते, बारीक पूड तर क्षणात. ट्रेकला नेतात त्या मॅग्नेशिअमच्या फायर स्टार्टरवरून आधी चाकूने बारीक कीस पाडावा लागतो तो याचसाठी. पूड मात्र घरी अजिबात आणू नका, शाळेतही नको. हवेत उडालेली पूड स्फोट घडवू शकते.

विझवण्यासाठी माझ्याकडे पत्र्याचं घमेलं आहे, त्यात वाळू. फीत याच घमेल्यावर पेटवायची, म्हणजे गळालेला जळता तुकडा फरशीवर न पडता वाळूत पडतो. वाळू कोरडी म्हणजे खरोखर कोरडी हवी. पावसाळ्यात बांधकामावरून आणलेली वाळू हाताला कोरडी लागली तरी आत ओल असते, आणि ओली वाळू म्हणजे पाणीच. मी क्रश सँड आणली, जुन्या कढईत चांगली भाजली आणि गार झाल्यावर झाकणाच्या डब्यात भरली, दर महिन्याला पुन्हा भाजते. फितीच्या तुकड्याला एवढं पुरे. मोठ्या आगीला वाळूही योग्य नाही, कारण खूप तापलेलं मॅग्नेशिअम वाळूतल्या सिलिकाचाही ऑक्सिजन काढून घेतं. अशा ठिकाणी मिठावर आधारलेली खास पावडर, म्हणजे धातूंच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक लागतं. एका विद्यार्थिनीचे बाबा भोसरीला मशीन शॉपमध्ये आहेत. मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूचं काम असलं की पाणी मिसळलेलं कूलंट लांब ठेवतात आणि चिप्स, म्हणजे कापताना निघालेला धातूचा कीस, रोजच्या रोज झाकणाच्या कोरड्या डब्यात हलवतात, असं त्यांनी मुलांना सांगितलं. मुलांना फळ्यापेक्षा ते जास्त पटलं.

आपल्या सोसायट्यांत मीटर रूमजवळ जे अग्निशामक टांगलेलं असतं ते कार्बन डायऑक्साइडचं, आणि जिन्यात असतं ते बहुधा एबीसी पावडरचं. दोन्ही या आगीसाठी नाहीत. घरी प्रयोग करणाऱ्या पालकांनी हे आधीच घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावं, कारण घाबरल्यावर माणूस जे हाताला लागेल ते उचलतो. फीत लहान असेल तर सगळ्यात उत्तम म्हणजे काहीही न टाकता ती जळू देणं. काही सेकंदांत संपते.

काही बारीकसारीक गोष्टी. चिमटा लांब दांड्याचा लोखंडी घ्या. फीत पेटली की लगेच दिव्यापासून दूर न्या आणि दिव्यावर टोपण घाला. जळता तुकडा स्पिरिटवर पडणं हाच या प्रयोगातला मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. पंखा बंद, खिडकी उघडी, सिंथेटिक ओढणी-दुपट्टा बांधलेला. धूर छातीत जाईल इतकं जवळ जायचं नाही.

कोणी घ्यावी? शिक्षकांनी, क्लासवाल्यांनी नक्की. घरी एकट्या मुलाने करायचा हा प्रयोग नाही, मोठं माणूस समोर हवंच, आणि त्या माणसाने आधी स्वतः एकदा करून पाहिलेला असावा. किंमत काही शे रुपये, त्या मानाने खूपच शिकायला मिळतं. माझी एकच खरी तक्रार आहे ती वेष्टनाची. एवढ्या ओलाव्याला हळव्या धातूला पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि पातळ पिशवीत विकतात, आणि त्यावर पाणी वापरू नये ही सूचना माझ्या रोलवर तरी मराठीत कुठेच नव्हती.

शेवटी उरलेल्या तुकड्यांचं. चिमट्यात धरता येत नाहीत असे आखूड तुकडे कचऱ्यात टाकू नका, विशेषतः ओल्या कचऱ्यात. मी ते उघड्या भांड्यात व्हिनेगरमध्ये एकेक करून सोडते, खिडकी उघडून आणि आसपास ज्योत नसताना. बुडबुडे येतात तो हायड्रोजन. बुडबुडे थांबून धातू पूर्ण विरघळला की ते पाणी भरपूर साध्या पाण्यासोबत मोरीत ओतते.