टॉमकॅटची जार-गाळणी : सर्व्हर लवकर वर आणणाऱ्या सोयीचे परीक्षण

बेळगाव शहर, खानापूर आणि निपाणी भागातील काही छोट्या पतसंस्थांचे कर्ज-ठेवींचे जावा सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. ते संस्थेच्याच कार्यालयातील एखाद्या जुन्या संगणकावर, अपाचे टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरवर चालते. पावसाळ्यात वीज जाते, यूपीएसची बॅटरी बसते आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. तो वर येईपर्यंत खिडकीवरची रांग थांबून राहते आणि कॅशियरचा फोन येतो, "पान उघडेना झालंय सर." म्हणून टॉमकॅटमध्ये मुळातच असलेली, पण सहसा कोणी हात न लावणारी जार स्कॅन फिल्टरची सोय आम्ही नीट वापरून पाहिली. जार म्हणजे प्रोग्रामचे क्लास, अर्थात सुटे भाग, एकत्र बांधलेली फाइल; सुरू होताना कोणते जार तपासायचे नाहीत, हे या सोयीने ठरवता येते. हे परीक्षण तेवढ्यापुरतेच आहे.

उशीर झाला की बोट डेटाबेसकडे किंवा संगणकाच्या वयाकडे दाखवले जाते, पण आमच्याकडे त्यातील मोठा वाटा क्लास शोधण्याचाच निघाला. डिसेंबर २००९ मध्ये जावा ईई ६ या मानकसंचाबरोबर सर्व्हलेट (ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारे क्लास) यांचे ३.० हे मानक आले आणि वेब डॉट एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्ये नोंद न करता क्लासवरच ॲनोटेशन, म्हणजे खुणेची चिठ्ठी, लिहून सर्व्हलेट, फिल्टर किंवा लिसनर जाहीर करण्याची मुभा मिळाली. प्रोग्रामरचे काम हलके झाले, सर्व्हरचे मात्र वाढले; कारण ॲनोटेशन नेमके कुठे आहे हे आधी कळण्याचा मार्ग नसल्यामुळे टॉमकॅटला ॲप्लिकेशनच्या लिब फोल्डरमधील जार उघडून त्यांतल्या क्लास फाइली वाचाव्या लागतात. हे वाचन तो क्लास लोड न करता, बीसीईएल या लायब्ररीच्या स्वतःजवळच्या आवृत्तीने करतो, आणि त्यामुळे मेमरीवरचा भार बराच वाचतो. तरीही पावतीवर तंबाखू लिहिलेली असताना कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकमधली प्रत्येक पेटी उघडून पाहावी, तसा हा प्रकार आहे. आमच्या पासबुक छपाईसाठी लागणाऱ्या पीडीएफ लायब्ररीत एकही सर्व्हलेट नाही आणि कधी असणारही नाही, पण तिच्या हजारो क्लासची तपासणी दर वेळी होतच होती.

फिल्टरचे काम सरळ आहे. टॉमकॅटच्या कॅटॅलिना डॉट प्रॉपर्टीज या फाइलमध्ये 'जार्स टु स्किप' नावाची, वगळायच्या जारची लांबलचक यादी मिळते आणि तिच्यात तारांकन वापरून जारची नावे वाढवता येतात. त्याहून चांगली जागा म्हणजे त्या ॲप्लिकेशनची स्वतःची कॉन्टेक्स्ट फाइल (टॉमकॅटसाठीची मांडणी), कारण तिथे जेएसपी (सर्व्हरवर तयार होणारी वेब पाने) यांच्या टॅग लायब्ररींचा शोध आणि ॲनोटेशनांचा शोध यांसाठी वेगवेगळे नियम लावता येतात. कोणते जार वगळावेत हे शोधायलाही सर्व्हरच मदत करतो: टीएलडी (टॅग लायब्ररीची वर्णन-फाइल) शोधण्यासाठी उघडलेल्या एखाद्या जारमध्ये काहीच सापडले नाही, तर सुरू होताना तो लॉगमध्ये तसे सांगतो आणि त्या नोंदींची पातळी डीबगपर्यंत, म्हणजे अधिक तपशिलापर्यंत, नेली की पूर्ण यादी हाती येते. त्या यादीवरून आम्ही छपाईच्या, एक्सेलच्या आणि डेटाबेस ड्रायव्हरच्या जारना दोन्ही शोधांतून वगळले, तेव्हा सुरू होण्याचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. ज्या सोयीला एक पैसा लागत नाही आणि कोडची एक ओळ बदलावी लागत नाही, तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा करणे बरे नव्हे.

तक्रारी आहेतच. कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःची वगळण्याची यादी लिहिली की मूळ यादीत तिची भर पडत नाही, तर मूळ यादीच बाजूला पडते. जुनी यादी हवी असेल तर तिच्या प्रॉपर्टीचे नाव डॉलर-महिरपी कंसात सोबत लिहावे लागते, आणि हे न कळल्यामुळे वेळ वाढल्याचा अनुभव येऊ शकतो. चुकीचा जार वगळला तर सर्व्हर सुरू होताना काहीच कुरकुर करत नाही. टॅग लायब्ररीचा पत्ता सापडत नाही ही ओरड ते जेएसपी पान कोणी उघडल्यावरच होते, आणि आमच्या बाबतीत असे पान म्हणजे वर्षअखेरीचे व्याजपत्रक असू शकते. म्हणून यादी बदलल्यावर सगळे अहवाल एकदा उघडून पाहणे अनिवार्य समजावे.

वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'मेटाडेटा-कंप्लीट' ट्रू केले की सगळे स्कॅनिंग थांबते, असा एक समज आहे. त्याने सर्व्हलेटची ॲनोटेशने शोधणे थांबते. परंतु सर्व्हलेट कंटेनर इनिशिअलायझर (सुरू होताना आपोआप चालणारे लायब्ररींचे क्लास, थोडक्यात एससीआय) आणि त्यांना हव्या असलेल्या प्रकारांचे क्लास यांचा शोध चालूच राहतो. तो आवरायचा तर वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'ॲब्सोल्यूट ऑर्डरिंग', म्हणजे जारचा ठरलेला क्रम, लिहावे लागते. ते रिकामे ठेवले तर लिबमधील सगळेच जार या शोधातून बाद होतात, आणि वेब डॉट एक्सएमएलविना चालणारे स्प्रिंग या जावा चौकटीवरचे ॲप्लिकेशन मुकाट्याने उठतच नाही. तिथे 'स्प्रिंग अंडरस्कोर वेब' या फ्रॅगमेंटचे (जारमधील वेब मांडणीच्या तुकड्याचे) नाव द्यायलाच हवे.

वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला सतत उघडा दुवा) वापरत नसाल तर 'कंटेनर एससीआय फिल्टर' लावून त्याचा इनिशिअलायझरही बंद करता येतो. स्कॅनिंग समांतर चालवण्याचा पर्यायही आहे, पण तो मुळात बंद असतो आणि दोन कोअरच्या संगणकावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

स्प्रिंगचे स्वतःचे कंपोनंट स्कॅन आणि हायबरनेट या डेटाबेस-लायब्ररीची जुळवाजुळव या फिल्टरच्या हद्दीत येत नाहीत. तिथला उशीर तिथेच सोडवावा लागतो. नवे काम हाती घेणाऱ्याने क्वार्कससारखी चौकट जरूर पाहावी, कारण ती जँडेक्स या साधनाने केलेली क्लासची अनुक्रमणिका वापरून हा शोध बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या, वेळीच उरकते. चालू जुन्या ॲप्लिकेशनसाठी मात्र टॉमकॅटचा फिल्टर पुरेसा आहे. फक्त यादी कॅटॅलिना डॉट प्रॉपर्टीजमध्ये ठेवू नये: टॉमकॅटची नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवली की ती फाइल कोरी येते, आणि कॉन्टेक्स्ट फाइल वॉर या ॲप्लिकेशनच्या बांधीव फाइलच्या मेटा-इन्फ फोल्डरमध्ये असली तर ती ॲप्लिकेशनबरोबरच जाते.