ऑइलची लाइट विझते म्हणून गाडी चांगली समजू नका

कापसाचे पैसे हातात आले की जळगाव-धुळ्याकडे जुन्या गाड्यांचे सौदे वाढतात. अमळनेरकडच्या एका शेतकऱ्याला असाच एक टर्बो पेट्रोल गाडीचा सौदा भोवला. ट्रायलला इंजिन गप्पगार होतं. पुढं धुळे हायवेवर खालून टकटक सुरू झाली. चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) उतरवला तर बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग, तांबं दिसेपर्यंत घासलेलं.

कंपनीनं ५ डब्ल्यू ३० हे पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात २० डब्ल्यू ५० हे बरंच घट्ट ऑइल भरलं होतं, वरून घट्ट करणारं अ‍ॅडिटिव्ह. ड्रेन बोल्ट काढल्यावर ऑइल काकवीसारखं लोंबत होतं. बेअरिंगची फट झिजून वाढली की पातळ ऑइल निसटतं आणि प्रेशर पडतं. घट्ट ऑइल लवकर निसटत नाही, त्यामुळे प्रेशर बरं दिसतं, आवाजही दबतो. पण थंड इंजिनात तेच ऑइल जास्तीचं प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडून माघारी फिरतं. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा टर्बोचा शाफ्ट तेवढा वेळ कोरडा.

खरी हातचलाखी वायरिंगमध्ये होती. प्रेशर पडलं की लाइट लावणाऱ्या प्रेशर स्विचची वायर काढून ऑइलची लाइट चार्जिंगच्या वायरला जोडलेली. चावी फिरवली की लागते, इंजिन सुरू झालं की विझते; सगळे एवढंच बघतात! शिवाय धड स्विचसुद्धा बहुधा ०.३ ते ०.५ बारच्या (साधारण ४ ते ७ पीएसआय) खाली गेल्यावरच लाइट लावतो, म्हणजे तोवर निम्मं नुकसान झालेलं असतं.

म्हणून सौद्याआधी आपल्या खर्चानं योग्य ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर टाका. स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजणारा मेकॅनिकल गेज लावा. आटे जुळणारा अ‍ॅडॉप्टर आधीच बघून ठेवा. गाडी २०-२५ मिनिटं पळवा, नुसती उभी ठेवून तापवू नका. गरम इंजिनात आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) १० पीएसआयच्या आसपास आणि ३००० आरपीएमला ३० हा ढोबळ हिशेब. शेवटचा शब्द त्या इंजिनच्या मॅन्युअलचा. विकणारा गेजला नाही म्हणाला तर चहा पिऊन निघा.

काढलेला जुना फिल्टर फेकू नका. कापून कागद उन्हात पसरा. चमकणारा चुरा चुंबकाला चिकटत नाही म्हणून कुणी ‘काही नाही भाऊ, कचरा आहे’ म्हणेल. बेअरिंगचं तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटतच नाही.