आईचा गाल, माझी कंबर आणि एकच पेन क्लिनिक

क्लिनिकचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी वाद घालायचा नाहीये. पुण्यातलं आहे, पेन म्हणजे जुनाट दुखण्यावर उपचार करणारं, डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ (पेनवाले बरेचसे तेच असतात), आणि आमच्या घरातून दोन गिऱ्हाइकं गेली, आधी आई, मग मी.

आईला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नर्व्हचं दुखणं, सलमान खानला झालेलं तेच. उजव्या खालच्या जबड्यात शॉक बसल्यासारखी कळ, दोन-चार सेकंदच, पण तेवढ्यात हातातलं टाकून भिंत धरायची. दात घासताना, तोंड धुताना, पंख्याचा वारा लागला तरी. आम्ही बरेच दिवस दाढ दुखतेय समजत होतो, दोन दाढा काढल्या, दुखणं तिथंच (दाढा धडधाकट होत्या हे नंतर कळलं, आई अजून बोलून दाखवते). मग न्यूरोवाल्यांनी कार्बामाझेपिन ही नर्व्हची कळ दाबायची गोळी चालू केली, सुरवातीला अगदी जादू, पुढं डोस वाढत गेला तशी दिवसभर पेंग, चालताना तोल जायचा आणि एकदा सोडियम इतकं उतरलं की अ‍ॅडमिट करावं लागलं. एमआरआयमधे त्या नर्व्हला रक्तवाहिनी टेकलेली दिसली. कवटी उघडून त्या दोघींच्या मधे टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात ते ऑपरेशन जास्त वर्षं टिकतं, हे पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्वतःच आधी सांगितलं, आल्या आल्या सुई काढली नाही, तिथं मला माणूस बरा वाटला. पण आई ७२ ची, हार्टमधे स्टेंट, आणि तिनं बजावलं की डोक्याला हात लावू देणार नाही.

म्हणून आरएफ, म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, सुईच्या टोकानं नर्व्ह भाजायची. रक्त पातळ करायची गोळी हार्टवाल्यांना विचारून काही दिवस बंद ठेवली. ओठाच्या कोपऱ्याजवळून गालात सुई घालतात आणि सी-आर्मवर (चालू एक्स-रे दाखवणारं मशीन) बघत बघत कवटीच्या तळाशी भोक असतं तिथपर्यंत नेतात. थोडी भूल असते, मग मधेच जागं करून बारीक करंट सोडतात आणि विचारतात मुंग्या कुठं येतायत. आई म्हणाली खालच्या ओठाला, हनुवटीला. बरोब्बर. या नर्व्हला तीन फांद्या, त्यातली वरची चुकून भाजली तर बुबुळ बधीर होतं आणि डोळ्यात काही गेलेलं कळत नाही, म्हणून ते विचारणं. परत भूल, टोक तापवून मिनिटभर भाजायचं, झालं. संध्याकाळी आईनं गाल चोळून बघितला, परत चोळला, आणि चहा मागितला, गरम. इतके दिवस कोमट करून डाव्या बाजूनं प्यायची.

फुकट काही नाही. खालचा ओठ बधीर आहे, आमटी हनुवटीवर ओघळली तरी कळत नाही, दोनदा ओठ चावून घेतला, उजवीकडून चावायला जोर कमी पडतो. ताटाशेजारी छोटा आरसा घेऊन बसते. विचारलं तर म्हणते बधीर परवडलं बाई, ती कळ नको. काही वर्षांनी परत येऊ शकते हेही तिला सांगून झालंय.

आता माझं. शाळेत उभं राहून शिकवणं, त्यात कंबर गेलेली. एमआरआयमधे डिस्क बल्ज (मणक्यांमधली गादी जरा बाहेर आलेली), सगळे त्याच्यावरच बोट ठेवणार, आधीच्या एका ठिकाणी तर नुसती फिल्म बघून पुढच्या आठवड्याची तारीख द्यायला निघाले होते. यांनी फिल्म बाजूला ठेवली, मागं वाकवलं, मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाले पायात कळ जात नाही, मागं वाकलं की वाढतं, हे फॅसेटचं असावं, पण आधी ट्रायल. फॅसेट म्हणजे मणक्यांचे मागचे छोटे सांधे, त्यांच्या बारीक नर्व्हजवर नुसतं बधीर करायचं औषध सोडतात आणि घरी पाठवतात. हातात कागद, दर अर्ध्या तासाला दुखणं दहापैकी किती ते लिहायचं, आणि आराम नाही करायचा, जे केल्यानं दुखतं तेच करायचं! मी ओट्यापाशी उभी राहून चाळीसेक चपात्या लाटल्या. सातावरून दोनवर आलं. रात्री औषध उतरलं तसं परत सात, आणि मी रडले, वाटलं पैसे गेले. अहो ती परीक्षाच होती, मला कुणी नीट समजावलंच नव्हतं. आठवड्यानं परत एकदा ट्रायल, मग खरं आरएफ. पालथं झोपवून, मांडीला पॅड चिकटवून, करंट सोडला की पाठीतला स्नायू टकटक उडतो, पाय उडत नाही ना ते बघतात, मग ८० डिग्रीला दीडेक मिनिट, एकेका जागेला.

पुढचे दोन आठवडे आधीपेक्षा वाईट गेले, पाठ उन्हात भाजल्यासारखी, साडीची निरी खोचवत नव्हती. तिसऱ्या आठवड्यापासून सुटलं. आता आठ महिने झालेत, दोन-तीनवर आहे, शून्य नाही. ती नर्व्ह परत वाढते, त्यामुळं कधीतरी परत करावं लागेल, तोवर फिजिओचे व्यायाम करून पाठ बळकट करायची. डिस्क सरकून पायात कळ जात असेल तर हे काम करत नाही, शेजारच्या काकांना मी जाऊ नका म्हणूनच सांगितलं.

तक्रारी. अपॉइंटमेंट अकराची, नंबर दीडला, कंबर दुखणाऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या! बाहेर बोर्डावर ऑपरेशनशिवाय कायमची मुक्ती, आणि आत डॉक्टर म्हणतात कायमची नाही. बोर्ड कोण लिहितं काय माहीत. आरएफचं कॅशलेस झालं, ट्रायलचे पैसे खिशातून, अ‍ॅडमिट नव्हतात म्हणे. सगळ्यात राग आला तो कन्सेंट फॉर्मचा, पाच पानं इंग्रजी, आईला टेबलावर घ्यायच्या दहा मिनिटं आधी, तिचा चष्मा माझ्या पर्समधे. मी थांबवलं सगळ्यांना आणि मराठीत वाचून दाखवलं, ओठ बधीर होईल ते तिला तेव्हा कळलं.

साडेतीन स्टार, चष्म्याचा अर्धा कापलाय. आणि पार्किंग नाही, रिक्षानंच जा, तसंही त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत.